शेऱ्याचा रकाना

खाडीकाठच्या एका कोळीवाड्यात, देवळाच्या सभामंडपात, गावातल्या मुलामुलींनी छोटंसं प्रदर्शन मांडलं होतं. टेबलावर मोठा टीव्ही, त्याला जोडलेला लॅपटॉप, खांबांना बांधलेले फ्लेक्स आणि बाहेरच्या ओट्यावर वाळत घातलेल्या जवळ्याचा वास. गेली काही वर्षं ही मुलं घरोघरी फिरून जुन्या बायकांची गाणी, म्हाताऱ्यांच्या आठवणी, जाळ्यांची नावं, लग्नांतले फोटो असं जमेल ते गोळा करत होती. टीव्हीवर एकेका माणसाचं पान उघडायचं. वर फोटो, शेजारी नाव-गाव-वय, खाली चार ओळी आणि एक त्रिकोणी बटण. ते दाबलं की आवाज. नेरूळच्या मैत्रिणीबरोबर मी बघायला गेले होते. तेवढ्यात एक आजी आल्या, अंबाड्यात अबोलीची वेणी, हातात घराची किल्ली. नातवाने लगबगीने त्यांचं पान काढून दिलं. नाव बरोबर होतं, गाव बरोबर होतं. फोटोच्या जागी मात्र एका गोलात करडी आकृती होती, आखूड केसांच्या, रुंद खांद्यांच्या कुणा पुरुषाची. आजी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या आणि जवळ मीच उभी होते म्हणून मला म्हणाल्या, "बाय, यो कोन?" नातू म्हणाला, "आजी, तुझा फोटो नाय ना, म्हणून ते आपोआप येतं." "मंग रिकामा ठेव ना," असं म्हणून आजींनी बटणाकडे बोट दाखवलं. हळदीचं गाणं सुरू झालं आणि अर्ध्या मिनिटात एका शब्दाच्या मधोमध तुटलं. पुढची ओळ आजींच्या ओठांवर आलेलीच होती. ती त्यांनी तिथेच उभ्या उभ्या पूर्ण म्हटली.

मी पोटापाण्यासाठी चौकटीच बनवते. ऐरोलीतल्या ऑफिसात माझं काम असं की आकडे, आलेख, फोटो, व्हिडिओ, नकाशे हे सगळं ज्यात बसेल अशी टेम्प्लेट्स तयार करायची; ती मग इतरांनी वर्षानुवर्षं भरायची. हे काम मला मनापासून आवडतं. चांगलं टेम्प्लेट हाती असलं की भरणाऱ्याला अक्षर केवढं, समास केवढा, आलेखाचा रंग कोणता याची चिंता राहत नाही, त्याचं डोकं मजकुरासाठी मोकळं राहतं. बघणाऱ्यालाही दुसऱ्या पानावर काय कुठे सापडेल ते ठाऊक असतं, म्हणून तो दोन पानं शेजारी ठेवून ताडून बघू शकतो. पण टेम्प्लेट माहितीच्या आधी जन्माला येतं. कोणते प्रश्न विचारायचे हे ते आधीच ठरवून बसलेलं असतं. ज्याला रकाना नाही ते कुणी विचारत नाही, आणि जे विचारलंच गेलं नाही ते काही वर्षांनी नव्हतंच असं होऊन जातं. ती करडी आकृती मला अनोळखी नव्हती. तयार मिळणाऱ्या टेम्प्लेट्समध्ये ती सर्रास असते. फोटो आला नाही तरी मांडणी ढासळू नये, एवढ्याचसाठी तिला तिथे बसवलेलं असतं. तिला इतक्या वेळा पाहूनही 'हा कोण' असं मनात आलं नव्हतं.

पान भरलेलं दिसावं, ही गरज कुणाची?

संध्याकाळी नेरूळ स्टेशनवर ठाण्याच्या गाडीची वाट बघत बसले तेव्हा कान आपोआप उद्घोषणेकडे गेले. लहानपणापासून ऐकत आलेली ती वाक्यं सुट्या तुकड्यांची असतात. 'प्लॅटफॉर्म क्रमांक' हा एक तुकडा, आकडा दुसरा, स्टेशनचं नाव तिसरं, धीमी की जलद हे चौथं. नीट ऐकलं तर तुकड्यांमधली शिवण ऐकू येते. 'ठाणे' किंचित वेगळ्या श्वासात उच्चारलेलं असतं. तेच वाक्य मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. वर इंडिकेटरवर गाडी कुठली, किती वाजताची, धीमी की जलद, डबे किती, एवढंच. जिन्यावरून धावत उतरणाऱ्याला ज्या क्रमाने माहिती लागते त्या क्रमाने ती मांडलेली आहे. आवाज आणि अक्षर एकच गोष्ट सांगतात, पण वेगवेगळ्या माणसांना: पाठमोऱ्या उभ्या असलेल्याला आवाज, कानात इयरफोन घातलेल्याला पाटी. यापेक्षा जास्त वापरलेलं टेम्प्लेट आमच्या भागात दुसरं नसेल. आणि तरीही पावसात कुर्ला-शीवच्या दरम्यान रुळांवर पाणी साचलं की ध्वनिमुद्रित वाक्य पुरत नाही. मग कुणीतरी माणूस स्वतः माईक हातात घेतो. त्याचा घसा खाकरल्याचा आवाज येतो, मागे फोन वाजत असतो, वाक्य अडखळतं. त्या क्षणी अख्खा प्लॅटफॉर्म मान वर करतो. व्यवस्थेत जिवंत माईक ठेवलेला आहे म्हणून बाकीच्या वेळी मुद्रित वाक्यावर भरवसा ठेवता येतो, असं मला त्या बाकड्यावर बसून वाटलं.

आमच्या नौपाड्याच्या घरी स्वयंपाकघराच्या दारामागे दिनदर्शिका असायची, अजूनही असते. १९७३ साली कालनिर्णय निघालं आणि तेव्हापासून मराठी घरांतल्या भिंतींना तारखेच्या त्या चौकोनांची सवय झाली. एका चौकोनात केवढं काय मावतं बघा: मोठ्या आकड्यात इंग्रजी तारीख, बारीक अक्षरात तिथी, नक्षत्र, सण, जयंती, संकष्टी असली तर चंद्रोदयाची वेळ. दोन वेगवेगळ्या कालगणना एकमेकींना न ढकलता एका घरात नांदतात, कारण कोणती मोठ्याने बोलणार आणि कोणती हळू हे अक्षराच्या आकाराने ठरवून दिलेलं आहे. पण आईचं कॅलेंडर खऱ्या अर्थाने भरायचं ते पेन्सिलीने. दूध नाही घेतलं त्या दिवशी फुली, सिलिंडर लावला ती तारीख, इस्त्रीचे कपडे किती गेले, मावशी यायची तो दिवस. चौकोनात तेवढी पांढरी जागा उरलेली होती म्हणून महिना संपला तरी आई पान फाडून टाकत नसे. छापणाऱ्याने आमच्या घरचं दूध कधी मोजलं नाही, पण कुणीतरी काहीतरी मोजणार हे त्याला ठाऊक असणार. आज तीच दिनदर्शिका फोनवर मिळते, तिथे तिथी आहे, सूचना आहे, रंग आहेत. पेन्सिल टेकवायची जागा मात्र दोन बटणं दाबून मग सापडते, आणि आई तिथपर्यंत कधी गेली नाही.

बाबा तहसील कचेरीत होते. गाव नमुना एकपासून एकवीसपर्यंत त्यांना तोंडपाठ होते. सातबारा म्हणजे त्यातला सातवा आणि बारावा, हे मी शाळेत जायच्या आधी शिकले. नवीन नोंदवही आली की बाबा आधी शेवटचं पान नाही, शेवटचा रकाना बघायचे: शेरा. तो किती रुंद आहे हे बोटाने मोजायचे. सातबाऱ्यावर मालकाचं नाव, क्षेत्र, आकार हे सगळ्यांचं सारख्याच जागी लिहिलं जातं, पण भांडण कशावरून आहे, विहिरीच्या पाण्यात वाटा कुणाचा, वहिवाटीची वाट कुणाच्या बांधावरून जाते, बँकेचा बोजा आहे का, हे कळायला 'इतर अधिकार' आणि शेरा बघावा लागतो. नवी मुंबईसाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी घेण्याचं ठरलं, त्यांतल्या कित्येक घरांत मोबदल्याची, घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाची वर्षानुवर्षांची वणवण या असल्या बारीक नोंदींवर झाली. एखादी ओळ असणं आणि नसणं यात एका कुटुंबाचं आयुष्य इकडचं तिकडे होऊ शकतं. रकाना अरुंद होता म्हणून अर्धवट लिहिलेली ओळ, हे बाबांना सहन होत नसे.

पुढे त्या मुलांनीच विचारलं, ताई, आम्हाला नवीन टेम्प्लेट करून द्याल का. मी हो म्हटलं आणि आधी त्यांच्याकडचं सगळं साहित्य मागवून घेतलं. ऑफिसात सवय अशी की तीन-चार छान, पूर्ण भरलेल्या नोंदी घेऊन त्यांवर मांडणी बसवायची. यावेळी मी उलट केलं. मुलांना सांगितलं, जी नोंद कुठेच बसत नाही ती आधी द्या. जे आलं त्याने टेबल भरून गेलं. मोबाइलवर उभा धरून काढलेला व्हिडिओ, ज्याला आडवी चौकट लावली की होडीची शीड तरी जाते नाहीतर माणसाचे पाय. अल्बममधून सोलून काढलेला लग्नाचा फोटो, कोपरे गेलेला, मागे निळ्या शाईत चार नावं, त्यातलं एक पुसलेलं. एका आगरी गावातल्या धवलारणीने म्हटलेला धवला, म्हणजे लग्नातलं गाणं, पाऊण तासाचा, मध्ये कुकरच्या शिट्या. मच्छीच्या वजनाची एक वही, ज्यात जिताडा, बोईट, कोळंबी, चिंबोरी यांचे आकडे पावसाळ्याचे महिने सोडून लिहिलेले. आणि एक ध्वनिमुद्रण ज्यात बोलणं असं काहीच नाही. एक काका पाग, म्हणजे फेकायचं जाळं, विणत बसलेत, सुईचा आणि दोऱ्याचा आवाज, मधूनच उसासा. मुलांनी ते 'खराब' असं नाव देऊन बाजूला ठेवलेलं होतं.

फोटोची कातर पहिल्यांदा बंद केली. उंची ठरवून दिली, रुंदी फोटोची फोटोने ठरवावी. उभा असेल तर शेजारी मजकूर येतो, आडवा असेल तर खाली. फोटोची मागची बाजू हीसुद्धा एक प्रतिमा धरली, कारण ती चार नावं तिथे होती. मग अक्षरं. इंग्रजीसाठी बनवलेल्या चौकटीत देवनागरी ओतली की पहिला मार उकारांना बसतो; खालचा 'ऊ'कार कापला जातो, वरची वेलांटी आधीच्या ओळीत घुसते. दोन ओळींतलं अंतर वाढवलं. मजकूर मराठी आहे हे पानाच्या आत नोंदवलं, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये सोय असते त्यात 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे उमटतात. आजींच्या वयाच्या माणसाला त्या एका वळणाने पान आपलं वाटतं, हे मी तिथे प्रत्यक्ष पाहिलं. वजनाच्या वहीचा आलेख करताना मासा मोठा-लहान करून दाखवण्याचा मोह टाळला. माशाचं चित्र उंचीने दुप्पट केलं की रुंदीही दुप्पट होते आणि डोळ्याला ते चौपट भरतं. व्हिएन्नात १९२० च्या दशकात ओटो नॉयराथने सामान्य लोकांसाठी आकडेवारीची चित्रं केली तेव्हा नियम घालून दिला होता: जास्त दाखवायचं तर चित्र मोठं करायचं नाही, चित्रांची संख्या वाढवायची. आमच्याकडे आता एक जिताडा म्हणजे ठरावीक किलो, आणि पावसाळ्याच्या महिन्यांत शून्य नाही, तिथे 'मासेमारी बंद' असं लिहिलेलं. शून्य लिहिलं असतं तर खाडीत त्या दिवसांत मासा नव्हता असा अर्थ झाला असता.

आवाज सगळ्यात अवघड. चित्र एका नजरेत दिसतं, आवाजाला त्याचा वेळ द्यावाच लागतो. अर्ध्या मिनिटाची मर्यादा कुणी मुद्दाम घातली नव्हती, ती त्या तयार टेम्प्लेटमध्ये आधीपासून होती, बहुधा जाहिरातीच्या हिशेबाने. ती काढली. आता लांब मुद्रणाखाली एक पट्टी आहे, तिच्यावर कडव्यांच्या खुणा आहेत. घाईत असलेला एक कडवं ऐकून निघू शकतो आणि कडवं कडव्यापाशीच संपतं. शब्द दाखवायचे का, यावर आमचा बराच वाद झाला. रिचर्ड मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने चित्र आणि शब्द एकत्र कसे पोहोचतात यावर पुष्कळ प्रयोग केलेत. त्याचं एक निरीक्षण असं की चित्रफितीसोबत जे बोललं जातंय तेच जसंच्या तसं पडद्यावर लिहिलं तर समजायला मदत होण्याऐवजी बऱ्याचदा अडथळा होतो, कारण डोळे चित्र सोडून अक्षरांमागे धावतात. मात्र भाषा ऐकणाऱ्याच्या सवयीची नसेल तर लिहिलेल्या शब्दांचा आधार होतो. ठाण्याहून आलेल्या माणसाला आगरी बोलीतला धवला एका ऐकण्यात उमगत नाही. म्हणून गाण्यांना शब्द ठेवले, चालू ओळ तेवढीच, चित्राला अगदी लागून. आठवणी सांगणाऱ्यांना शब्द ठेवले नाहीत. तिथे चेहरा बघत ऐकावं. मेयरचंच आणखी एक निरीक्षण, की खुलासा चित्राच्या जितका जवळ तितका तो डोक्यात राहतो, हे तर माझ्या आईला सांगायची गरज नाही. ती लोणच्याच्या बरणीवरच चिठ्ठी चिकटवते, वहीत लिहून ठेवत नाही.

ऑफिसात नवीन मुलं आली की मी त्यांना कोलंबिया या अमेरिकी अवकाशयानाची एक स्लाइड दाखवते. १६ जानेवारी २००३ ला यान उडालं तेव्हा फोमचा एक तुकडा निसटून डाव्या पंखावर आदळला होता. यान अजून आकाशात होतं, कल्पना चावला आणि सहा सहकारी वर होते, आणि खाली अभियंते तपासत होते की धोका किती. त्यांचे निष्कर्ष स्लाइड्सवर मांडले गेले. एका स्लाइडचा मथळा दिलासा देणारा होता. त्याखाली ठिपका, ठिपक्याखाली छोटा ठिपका, त्याखाली आणखी छोटा, अशी उतरंड. आणि अगदी तळाशी, सर्वांत बारीक पायरीवर, ही ओळ: आदळलेल्या तुकड्याचं आकारमान १९२० घन इंच, ज्या चाचणीच्या आधारे अंदाज बांधला तिच्यात ३ घन इंच. म्हणजे ६४० पट. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं. त्याच वर्षी चौकशी मंडळाने आपल्या अहवालात ती स्लाइड छापली आणि तांत्रिक अहवालाच्या जागी अशा स्लाइड्स वापरण्याच्या सवयीवर बोट ठेवलं. एका स्लाइडमुळे यान पडलं असं म्हणणं खोटं होईल. पण ती माहिती होती, लिहिलेली होती, लोकांसमोर गेली होती. टेम्प्लेटच्या पायऱ्यांनी तिला सगळ्यात खाली नेऊन ठेवलं होतं. हे दाखवताना माझा आवाज अजूनही बदलतो. करनालची ती मुलगी माझ्या पिढीतल्या मुलींच्या वहीच्या कव्हरवर चिकटवलेली असायची.

त्यामुळे नव्या टेम्प्लेटमध्ये पायऱ्या नाहीत. जे लिहायचं ते एकाच आकाराच्या अक्षरात, पूर्ण वाक्यात.

तारखेच्या रकान्याने आम्हाला बरेच दिवस अडवून धरलं. 'दिनांक' म्हटलं की संगणक दिवस-महिना-वर्ष मागतो, आणि नाही दिलं तर पुढे जाऊ देत नाही. कोळीवाड्यात कुणीही असं सांगत नाही. 'आखाडातल्या अमावस्येच्या उधाणाला', 'अष्टमीला, भांग (मंद भरती) होता तेव्हा', 'नारळी पौर्णिमेच्या आदल्या राती'. ज्याचं जाणं-येणं भरती-ओहोटीवर, त्याला तिथी हीच नेमकी तारीख. पुनवेला आणि अवसेला पाणी चढणार, अष्टमीच्या आसपास मंद राहणार, हे तिच्यातच सांगितलेलं असतं. ते पुसून अंदाजे ७ जुलै लिहिलं तर पाणी किती होतं तेच हरवतं. आता त्या चौकटीत दोन्ही जागा आहेत, वर सांगणाऱ्याचे शब्द, खाली जमलीच तर इंग्रजी तारीख. ठिकाणाचंही तेच. नकाशावर टाचणी लावायला गेलं की ती एखाद्या सेक्टरमधल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाऊन बसते. माणूस सांगत असतो मिठागराच्या बांधाबद्दल, खाजणातल्या उघडीबद्दल, म्हणजे पाणी सोडायच्या दारांबद्दल, आणि ती जागा आज जमिनीखाली गेलेली. मग टाचणी कुठे लावायची? आम्ही दोन नकाशे ठेवले, एक आजचा, एक गावकऱ्यांनी हाताने काढलेला, प्रमाणात न बसणारा. दुसऱ्यावर पिंपळ घराएवढा आहे आणि हायवे नाहीच. मला स्वतःला तो जास्त विश्वासाचा वाटतो, पण ते माझं मत झालं. बघणाऱ्याला दोन्ही दिसतात.

हे करताना डोळ्यांसमोर सतत एक मोठं काम होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्याहून सुरू केलेला जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह. महाराष्ट्रातल्या शेकडो गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या, बर्नार्ड बेल यांच्या मदतीने त्यांची संगणकीय नोंद आणि ध्वनिमुद्रणं झाली, आणि २०१७ पासून 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या टप्प्याटप्प्याने लोकांपुढे येत आहेत. मी तिथे रात्री उशिरापर्यंत बसते. प्रत्येक ओवीला गाणारीचं नाव, गाव, तिच्याविषयी थोडं, तिचा आवाज, शब्द, अर्थ. दोन ओळींच्या ओवीसाठी एवढा सरंजाम, आणि तरी ओवी त्याखाली दबत नाही. मला सर्वांत जास्त भिडतं ते हे की त्या ओवीबरोबर दळणारीचं नाव आलं. लोकगीतांच्या छापील संग्रहांत कितीदा तरी 'पारंपरिक' एवढाच शब्द असतो. नावाचा रकाना कुणीतरी आग्रहाने ठेवला, म्हणून ती बाई तिथे आहे.

एका रविवारी बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेजमध्ये गेले. सेक्टर ८ मधली ही वसाहत वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी १९८३ ते ८६ दरम्यान उभी केली, त्याच कोरियांनी ज्यांनी १९६० च्या दशकात प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासोबत खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली होती. रचना साधी आहे. सात घरं, मध्ये आठ मीटर बाय आठ मीटरचं अंगण. असे तीन समूह मिळून एकवीस घरं, मध्ये बारा मीटरचं मोठं अंगण. तसंच पुढे वाढत जातं. घरांच्या भिंती मुद्दाम सामाईक ठेवल्या नाहीत, म्हणजे प्रत्येकाला आपापलं घर शेजाऱ्याला न विचारता वाढवता यावं. आज तिथे फिरलं की मूळचं उतरतं कौलारू घर शोधावं लागतं. कुणी तीन मजले चढवलेत, कुणी पुढे ग्रिल आणि टाइल्स लावल्यात, कुणाच्या गच्चीवर प्लास्टिकची टाकी. वास्तुकलेच्या काही विद्यार्थ्यांना हे बघून हळहळ वाटते. मला तिथे प्रसन्न वाटलं. घरं बदलली, अंगणं राहिली. एका अंगणात बायका पापड वाळत घालत होत्या आणि मुलं त्या पापडांना चुकवत सायकल फिरवत होती. काय पक्कं ठेवायचं आणि काय लोकांवर सोडायचं, याचा एवढा शांत निर्णय मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. परत येताना गाडीत मी वहीत यादी केली: आमच्या टेम्प्लेटमध्ये अंगण कोणतं? नाव, आवाज आणि शेरा, या तीन जागा कुणीही हलवायच्या नाहीत. बाकी सगळं ज्या त्या गावाने हवं तसं करावं.

आणि ती करडी आकृती. ती काढून टाकली तेव्हा मांडणी खरंच ढासळली नाही; चौकोन तसाच राहिला, फिकट रंगाचा, मोकळा. मग लक्षात आलं की मोकळा चौकोनही सगळीकडे एकच गोष्ट सांगत नाही. काही घरी फोटोबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. काही ठिकाणी विचारलं होतं आणि माणूस नको म्हणाला होता. काही फोटो २६ जुलै २००५ च्या पुरात गेले होते. या तिन्हींना एकच रिकामेपण देणं बरोबर नव्हतं, म्हणून प्रत्येक रिकाम्या जागेत आता एक लहान ओळ असते: 'विचारलेलं नाही', 'द्यायचा नाही', 'होता, पुरात गेला'. ऑफिसातल्या आकडेवारीतही मी हे सुरू केलं आहे. कोऱ्या खान्यामागचं कारण कळलं की बैठकीतलं बोलणं बदलतं, लोक आकड्याऐवजी माणसांबद्दल विचारू लागतात. आजींचं पान मुलांनी त्यांच्या घरी नेऊन दाखवलं तेव्हा मी सोबत होते. फोटोच्या जागेबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. गाणं मात्र शेवटपर्यंत ऐकलं, आणि ऐकता ऐकता म्हणाल्या की दुसरा आवाज आहे तो त्यांच्या जावेचा, आणि हे गाणं त्या दोघी त्यांच्या आतेसासूकडून शिकल्या, ती उरणची. हे कुठल्याही रकान्यात बसत नव्हतं. नातवाने शेऱ्यात लिहिलं.

शेऱ्याच्या रकान्याचा खरा उपयोग मला त्यानंतर कळत गेला. मुलं अधूनमधून सगळे शेरे एकत्र काढून वाचतात. वाचताना दिसलं की 'कुणाकडून शिकली' हे पुन्हा पुन्हा येतंय, कधी आजीकडून, कधी माहेरच्या शेजारणीकडून, एकदा कामाला गेलेल्या मिठागरावरच्या बाईकडून. तेव्हा त्याला शेऱ्यातून उचलून स्वतःची जागा दिली. पाग विणणाऱ्या काकांचं ते मुद्रण 'खराब'मधून काढून 'कामाचे आवाज' या नव्या गटात गेलं आणि तिथे आता वल्ह्याचा, होडीच्या डागडुजीत ठोकल्या जाणाऱ्या कापसाचा, बाजारातल्या सुऱ्यांचाही आवाज आहे. पलीकडच्या गावातले एक शिक्षक टेम्प्लेट मागायला आले, म्हणाले, लॅपटॉप नको, मला कागदावर छापून द्या, मी झेरॉक्स काढून वर्गात वाटतो. त्यांनी तिथल्या तिथे पेनाने 'वय' खोडलं आणि 'लग्न होऊन गावात कधी आली' असं लिहिलं. त्यांच्या गावात बायका वय सांगत नाहीत, हे मात्र चटकन सांगतात. त्यांच्या प्रतीत तेच राहणार आहे. नातेसंबंधांच्या रेषा पडद्यावर कशा दाखवायच्या हे अजून सुटलेलं नाही. गाणं उरणहून खाडीच्या या काठाला आलं तर ते नकाशावर दाखवायचं की वंशावळीसारखं, यावर मुलांचे दोन तट आहेत. सध्या दोन्ही करून बघतो आहोत, आजींच्याच गाण्यावर. जावेचा आवाज स्वतंत्र मुद्रित करायला पुढच्या आठवड्यात उरणच्या बाजूला जायचं आहे. ती आता तिथे लेकीकडे राहते, आणि तिने फोनवर आधीच सांगून ठेवलंय की तिचा फोटो हवा.